दाढेवर सोन्याची टोपी: आईच्या पाटलीचे सोने चालेल का?

कोथरूडहून एका ताईंनी विचारले आहे: "माझे वय ५४. उजवीकडच्या खालच्या दुसऱ्या दाढेचे रूट कॅनाल नुकतेच झाले. डॉक्टर झिरकोनियाची, म्हणजे दाताच्या रंगाच्या कठीण सिरॅमिकची, कॅप बसवा म्हणतात. माझ्या सासऱ्यांच्या दाढेवर सोन्याची टोपी होती, ती चाळीस वर्षे, अगदी शेवटपर्यंत टिकली. माझ्याकडे आईची एक तुटलेली पाटली आहे. तिचे सोने देऊन तशीच टोपी करून घेता येईल का? आणि एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का?"

ताई, तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. खालच्या दुसऱ्या दाढेसाठी सोन्याच्या मिश्रधातूची टोपी हा आजही फार चांगला पर्याय आहे. माझ्या मते तुमच्यासारख्या कित्येक रुग्णांसाठी तो सर्वांत चांगला आहे. पाटलीचे सोने मात्र त्यासाठी वापरू नका. टोपीसाठी लागते ते सोने आणि दागिन्याचे सोने या कामाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे समजले की बाकीचा निर्णय तुम्हाला स्वतःलाच घेता येईल, म्हणून ते आधी सांगतो.

शुद्ध, म्हणजे २४ कॅरट सोने फार मऊ असते. धातूची कठिणता मोजण्याच्या विकर्स मापावर ते जेमतेम तिसाच्या आसपास भरते, तर दातावरचे इनॅमल तीनशेच्या पुढे जाते. पूर्वी याच मऊपणाचा उपयोग करून सोन्याचा पातळ वर्ख दातातल्या पोकळीत थरावर थर ठोकून भरत असत. तापवून स्वच्छ केलेला वर्ख थंडच असताना नुसत्या दाबाने एकमेकांना घट्ट चिकटतो, हा गुण रॉबर्ट आर्थर या अमेरिकी दंतवैद्याने १८५५ मध्ये वापरात आणला. ते काम नीट झाले तर अप्रतिम होते, पण एका लहान पोकळीला तास-दोन तास लागत आणि दाढेच्या संपूर्ण टोपीसाठी ती रीत उपयोगाची नव्हती. चावण्याचा सगळा भार घेणाऱ्या टोपीसाठी सोन्यात इतर धातू मोजून मिसळावे लागतात.

दंतवैद्यकात ओतकामाच्या सोन्याचे फार पूर्वीपासून चार प्रकार मानले जातात. पहिला सर्वांत मऊ, लहान भरावासाठी; दुसरा थोड्या मोठ्या भरावासाठी; तिसरा कठीण, टोप्या आणि पुलांसाठी (ब्रिज, म्हणजे पडलेल्या दाताची जागा भरणारे काम); चौथा सर्वांत कठीण, काढ-घाल करण्याच्या कवळीच्या सांगाड्यासाठी. तुमच्या दाढेला तिसरा प्रकार लागेल. त्यात ढोबळमानाने तीन-चतुर्थांश सोने, दहाएक टक्के चांदी, त्याच्या आसपास तांबे, तीन-चार टक्के पॅलेडियम आणि अगदी थोडे जस्त असते. कॅरटच्या भाषेत हे १८ कॅरट झाले, आणि इथेच बहुतेकांची चुकीची समजूत होते की १८ कॅरट म्हणजे २२ कॅरटपेक्षा कमअस्सल. तोंडात तसे नसते. तांब्यामुळे कठीणपणा येतो. पॅलेडियममुळे चांदी काळवंडत नाही, कारण अंडी, कांदा, लसूण यांतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन ती काळी पडते आणि पॅलेडियम त्याला आळा घालते. जस्त वितळताना प्राणवायू स्वतःकडे ओढून घेते, म्हणून ओतीव तुकडा सच्छिद्र होत नाही. शिवाय इरिडियमसारखा धातू अत्यल्प, म्हणजे लाखात काही भाग इतकाच घातलेला असतो. त्याने धातूचे कण बारीक राहतात आणि ताकद वाढते. या प्रकारची कठिणता सव्वाशे ते दीडशेच्या घरात जाते: शुद्ध सोन्याच्या चौपट-पाचपट, तरीही इनॅमलच्या निम्म्याहून कमी. समोरच्या दातावर घासत राहूनही त्याला न झिजवणारी आणि स्वतः दशकानुदशके टिकणारी ही मधली जागा आहे.

आता पाटलीकडे वळू. २२ कॅरट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. उरलेल्या ८४ भागांत काय आहे हे दागिन्याचा शिक्का सांगत नाही, आणि जुन्या पाटलीवर तर बहुधा शिक्काच नसतो. तांबे किती, चांदी किती, झाळायला काय वापरले, कितीदा दुरुस्ती झाली, यांपैकी काहीच आपल्याला ठाऊक नसते. जुन्या दागिन्यांच्या झाळेत पुष्कळदा कॅडमियम असे. त्यालाच बाजारात ‘केडीएम’ म्हणत. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते आणि सोन्याचा मिश्रधातू वितळतो नऊशे अंशांच्या पुढे. म्हणजे पाटली मुशीत घातली की त्या विषारी वाफा आधी ओतकाम करणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात जाणार आणि राहिलेला अंश धातूत उतरणार. लॅबमध्ये मूस धरून बसणारी ही माणसे दिवसातून अनेकदा धातू वितळवतात, त्यांच्या आरोग्याचा विचारही आपण करायलाच हवा.

हे मी केवळ पुस्तकातून सांगत नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका निवृत्त शिक्षकांनी अशीच घरची अंगठी आणली होती. त्यांचा आग्रह मोडवेना, आणि मलाही तेव्हा वाटले की सोने ते सोने. अंगठी वितळवून टोपी ओतली, घासून लखलखीत झाली, दाढेवर छान बसली. त्यांना सुपारीची सवय होती. पाच वर्षांनी ते आले तेव्हा जिथे वरच्या दाढेचा उंचवटा टेकतो, नेमक्या त्याच जागी टोपीला टाचणीच्या डोक्याएवढे भोक पडले होते. त्या भोकातून लाळ आत झिरपून खालचे सिमेंट विरघळले होते आणि दाढ आतून किडली होती. ती दाढ मला वाचवता आली नाही. चूक संपूर्णपणे माझी होती. त्या दिवसापासून रुग्णाच्या दागिन्यातून टोपी करायची नाही असे मी ठरवले, आणि ते आजवर पाळले आहे.

यावर एक सयुक्तिक शंका अशी येते की पाटली आटवून शुद्ध सोने काढावे आणि मग त्यात हवे ते धातू मिसळावेत. सोने आटवून शुद्ध करण्याच्या कामात तर आपली माणसे देशात नावाजलेली आहेत. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई कारागीर देशभरातल्या सराफ बाजारांत पिढ्यान् पिढ्या हेच काम करत आले आहेत. पण शुद्ध सोने हाती आले तरी पुढची अडचण राहतेच. पॅलेडियम दीड हजार अंशांच्याही पुढे वितळते, जस्त त्याच्या कितीतरी आधी वाफ होऊन उडू लागते, आणि हे सगळे एकजीव करून त्याचा कण बारीक ठेवणे हे नियंत्रित भट्टीत, प्रत्येक खेपेची तपासणी करून करायचे काम आहे. दोन-तीन ग्रॅमच्या टोपीसाठी ते सोनाराच्या शेगडीवर किंवा लॅबच्या टेबलावर होत नाही. तेव्हा पाटली मोडायचीच असेल, तर ती सोन्या मारुती चौकात किंवा लक्ष्मी रस्त्यावर तुमच्या नेहमीच्या सराफाकडे मोडीत द्या आणि त्या पैशातून लॅबमार्फत प्रमाणित दंत-मिश्रधातू घ्या. आईची आठवण म्हणून ती ठेवावीशी वाटत असेल तर अवश्य ठेवा. टोपीच्या गुणवत्तेत त्याने तसूभरही फरक पडणार नाही.

सासऱ्यांच्या टोपीबद्दलही थोडे सांगतो. जुन्या सोन्याच्या टोप्या दोन तऱ्हांनी होत. एका तऱ्हेत सोन्याचा पत्रा साच्यावर ठोकून त्याचे टोपण बनवत आणि ते दाढेवर सरकवत. ते हिरडीशी कधीच नीट बसत नसे. कडेला फट राहायची, अन्न अडकायचे, हिरडी सुजायची. दुसऱ्या तऱ्हेत दाढेचा हुबेहूब मेणाचा नमुना करून त्याभोवती साचा घालतात, मेण जाळून काढतात आणि त्या पोकळीत वितळलेले सोने ओततात. ही रीत आपल्याकडच्या मूर्तिकारांना मधूच्छिष्ट विधान या नावाने शेकडो वर्षांपासून माहीत आहे; मधूच्छिष्ट म्हणजे मेण. दातांच्या कामात ती रूढ झाली १९०७ नंतर. त्या वर्षी विल्यम टॅगर्ट या अमेरिकी दंतवैद्याने न्यूयॉर्क येथे आपले ओतकाम व्यवसायबंधूंना दाखवले. चाळीस वर्षे निर्धोक टिकलेली टोपी या दुसऱ्या तऱ्हेची, म्हणजे ओतीव असणार, असे मी जवळजवळ खात्रीने म्हणेन.

ओतीव टोपीचे खरे मोल तिच्या कडेत आहे. चकाकीने किंवा वजनाने टोपी टिकत नाही. टोपी आणि दात जिथे मिळतात ती रेषा किती बारीक आहे, यावर तिचे आयुष्य ठरते, कारण कीड त्या रेषेतूनच आत शिरते. वितळलेले सोने थंड होताना साधारण दीड टक्का आकसते. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण दहा मिलिमीटर रुंदीच्या दाढेवर त्याचा अर्थ दीड दशांश मिलिमीटर होतो, आणि तेवढ्याने टोपी दाढेवर बसतच नाही. म्हणून मेणाच्या नमुन्याभोवती जिप्सम आणि सिलिका यांचा असा साचा घालतात, जो घट्ट होताना आणि तापताना नेमका तितकाच फुगतो. धातूचे आकसणे आणि साच्याचे फुगणे यांचा हिशेब जमला की टोपी बोटाच्या दाबाने दाढेवर उतरते. साचा सातशे अंशांच्या पुढे तापवला तर जिप्सममधला गंधक सुटून सोने ठिसूळ करतो. अशा दहा गोष्टी सांभाळणारा कारागीर मिळणे हा या सगळ्या कामाचा गाभा आहे.

ओतकाम एकदा जवळून पाहिले की ते विसरता येत नाही. मुशीत धातूचे लहान चौकोनी तुकडे, वर चिमूटभर टाकणखार, आणि ज्योतीचा नेमका मधला, निळसर भाग त्यावर धरलेला. तुकडे आधी लाल होतात, कोपरे ढासळतात, मग ते एकमेकांत मिसळून फिकट नारिंगी रंगाचा एकच गोळा होतो आणि ज्योत हलेल तसा तो आरशासारखा चमकत ज्योतीमागे फिरू लागतो. तो क्षण ओळखायचा आणि यंत्राची स्प्रिंग सोडायची; फिरत्या यंत्राच्या जोराने धातू साच्यात शिरतो. क्षणभर आधी सोडले तर कडा अपुरी भरते, उशीर झाला तर धातू जळतो.

त्यानंतरचे काम माझ्या खुर्चीत होते. सोन्याची पातळ कडा बोथट, गुळगुळीत हत्याराने दाताच्या दिशेने दाबत नेली की ती किंचित वाहते आणि दाताला येऊन भिडते. हा गुण झिरकोनियात नाही, पोर्सेलीनमध्ये नाही, निकेल-क्रोमियममध्येही जवळजवळ नाही. काम चांगले झाले आहे की नाही हे पाहण्यासाठी मी प्रोब या तपासणीच्या हत्याराचे अणकुचीदार टोक दातावरून सोन्यावर आणि सोन्यावरून परत दातावर सरकवतो. ते कुठेही अडले नाही, केवळ आवाजाचा पोत किंचित बदलला, तर ती कडा बंद झाली असे समजावे. असे दात मी वीस-वीस वर्षांनी तपासले आहेत आणि कडेला कीड सापडलेली नाही.

या टिकाऊपणाची नोंद झालेली आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातले रिचर्ड टकर हे दंतवैद्य ओतीव सोन्याच्या कामासाठी प्रसिद्ध होते. त्यांनी ११४ रुग्णांच्या तोंडात केलेली १,३१४ ओतीव सोन्याची कामे तपासून त्यांचा आढावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ही कामे १ ते ५२ वर्षे वापरात होती आणि त्यांतली बहुसंख्य उत्तम स्थितीत आढळली. अर्थात हे एकाच असामान्य कुशल माणसाचे काम आहे आणि त्याचे रुग्णही दातांची निगा राखणारे होते, हे लक्षात ठेवायला हवे. कोणीही केलेली सोन्याची टोपी इतकी टिकेल असे त्यातून निघत नाही; नीट केली तर ती किती टिकू शकते, एवढे मात्र निश्चित कळते.

तुमच्या दाढेपुरते बोलायचे तर सोन्याच्या बाजूने दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. खालची दुसरी दाढ बहुतेकांच्या तोंडात बुटकी असते, आणि मागे असल्यामुळे तिच्यावर दाब अधिक येतो. टोपीसाठी दाढ तासावी लागते. सोन्याला भार घेणाऱ्या उंचवट्यावर दीड मिलिमीटर, इतरत्र एक आणि कडेला अर्धा मिलिमीटर पुरते. धातूवर पोर्सेलीन चढवायचे असेल तर याहून बरेच अधिक तासावे लागते. बुटक्या दाढेवर वाचलेला प्रत्येक अर्धा मिलिमीटर टोपीची पकड वाढवतो. दुसरी गोष्ट अशी की रूट कॅनाल झालेली दाढ पुढेमागे पुन्हा उघडावी लागू शकते. सोन्यातून छिद्र पाडणे सोपे जाते. झिरकोनिया कापताना हिऱ्याचे बर, म्हणजे दात कोरण्याच्या यंत्राची टोके, झिजतात आणि टोपीला तडा जाण्याची भीती असते. ती जागा हसताना दिसत नाही, त्यामुळे पिवळ्या रंगाचा प्रश्न बहुधा येणार नाही, पण तो तुम्ही आरशात पाहून स्वतः ठरवा.

तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेला झिरकोनिया वाईट नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. तो फार मजबूत आहे, दाताच्या रंगाचा आहे, त्याची किंमत सोन्याच्या भावाबरोबर वाढत नाही, आणि नीट घोटून गुळगुळीत केला तर समोरचा दात फारसा झिजवत नाही. जागा पुरेशी असेल आणि लॅब चांगली असेल तर अनेक रुग्णांना मीही तोच सुचवतो. स्वस्त म्हणून दिल्या जाणाऱ्या निकेलच्या टोपीबद्दल मात्र सावध राहा. खोटे दागिने घातल्यावर कानाला किंवा घड्याळाच्या पट्ट्याने मनगटाला खाज सुटत असेल, तर तुम्हाला निकेलची ॲलर्जी असण्याचा संभव आहे आणि ते डॉक्टरांना आधी सांगायला हवे. सोन्याचीही ॲलर्जी असू शकते. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने २००१ मध्ये तिच्याकडे मुद्दाम लक्ष वेधले होते. पण सोन्याच्या टोपीमुळे तोंडात खरोखर त्रास झालेला रुग्ण मी क्वचितच पाहिला आहे.

त्या दाढेच्या समोर किंवा शेजारी पूर्वी चांदी भरलेली असेल तर तेही सांगा. चांदी म्हणजे पारा मिसळलेला भराव. तो सोन्याला टेकला की लाळेतून सूक्ष्म वीजप्रवाह वाहतो, जिवंत दातात कळ येते, तोंडाला धातूची चव येते, आणि भराव ताजा असेल तर पारा सोन्यावर चढून ते पांढरट पडते. तो भराव आधी बदलून घेतलेला बरा.

खर्चाचा हिशेब तुम्ही घरी करू शकता. दाढेची टोपी साधारण दोन ते तीन ग्रॅमची होते आणि त्यात तीन-चतुर्थांश सोने असते. म्हणजे अडीच ग्रॅमच्या टोपीत दोन ग्रॅमला थोडे कमी शुद्ध सोने. त्या दिवसाच्या भावाने गुणा, पॅलेडियमचा आणि मिश्रधातू बनवण्याचा खर्च धरा, आणि त्यावर लॅबची व डॉक्टरांची मजुरी. ओतताना टोपीपेक्षा बराच जास्त धातू मुशीत घ्यावा लागतो आणि उरलेला गोळा नंतर कापून काढतात. तो गोळा कोणाचा हे आधीच बोलून घ्या. बिलावर मिश्रधातूचे नाव, त्याचा प्रकार, सोन्याची टक्केवारी आणि तयार टोपीचे वजन लिहून मागा, आणि धातूच्या प्रमाणपत्राची प्रत ठेवा. बाजारात सोनेरी दिसणाऱ्या कितीतरी टोप्या असतात: काहींवर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी मुलामा असतो, काही तांबे-ॲल्युमिनियमच्या असतात, आणि त्यांत सोन्याचा कणही नसतो. ज्या लॅबला सोन्याच्या ओतकामाचा सराव आहे तिथेच काम द्यायला डॉक्टरांना सांगा. आज पुण्यात असा सराव असलेले हात कमी राहिले आहेत, आणि कामाची सवय नसलेल्या लॅबच्या सोन्याच्या टोपीपेक्षा सवयीच्या लॅबची झिरकोनियाची टोपी मी शंभरदा पत्करेन.

टोपी तयार झाली की ती लगेच कायमची चिकटवण्याचा आग्रह धरू नका. मी चावण्याचा पृष्ठभाग बारीक वाळूच्या फवाऱ्याने मंद, चमक नसलेला करून घेतो आणि टोपी तात्पुरत्या सिमेंटने बसवून रुग्णाला आठवडाभर भाकरी-भाजी नेहमीसारखी खायला सांगतो. परत आल्यावर टोपीवर जिथे लहान चकचकीत ठिपके उमटलेले असतात, तिथे ती समोरच्या दाढेवर जास्त आपटते आहे हे उघड दिसते. ते ठिपके थोडे घासून पुन्हा तपासायचे, आणि मगच पक्क्या सिमेंटने टोपी बसवायची.